पाडसासमोरचं गवत

माझा धाकटा भाऊ लग्नात नवरदेवाच्या सख्ख्या आत्यालाही दंडाला धरून बाजूला करतो. स्टेजवर पाण्याची बाटली दिसली की उचलतो, खुर्ची दिसली की सरकवतो, कुणाचं पोर मध्ये आलं की त्याला आईच्या अंगावर ढकलतो. याला तो ‘फ्रेम साफ करणं’ म्हणतो. पौडच्या बाजारपेठेत आमचा फोटो स्टुडिओ आहे, अब्बांनी काढलेला. अब्बा गेल्यावर दुकान आम्हा बहीणभावांवर आलं. पासपोर्टचे फोटो, शाळेच्या ओळखपत्राचे फोटो, गेलेल्या माणसांचे जुने फोटो मोठे करून देणं हे माझ्याकडे. लग्नं, साखरपुडे आणि धरणाच्या काठावर नवरानवरीला रंगीत धुरातून पळवतात ते प्री-वेडिंग त्याच्याकडे. कामाला तो वाघ आहे. मी त्याच्यावर कितीही चिडलेली असले तरी एवढं कबूल करीन. आणि मी चिडलेली आहे. अम्मी म्हणते, सोडून दे आता, किती दिवस धुमसत बसशील. नाही सोडत. का सोडू?

मला हरणांचा नाद आहे. हरणं म्हणजे आमच्याकडची भेकरं. कळपानं उभी राहून पोझ देणारी ठिपक्याठिपक्यांची हरणं आमच्या मुळशीत नाहीत. भेकर एकटं फिरतं. शेळीएवढं, तांबूस, आणि असं भित्रं की त्याचा एक बरा फोटो मिळायला माझे अख्खे हिवाळे गेलेत. शुक्रवारी सकाळी दुकान उशिरा उघडतो, म्हणून माझा वार शुक्रवार. पहाटेची नमाज झाली की स्कूटर काढायची, माले गाव मागे टाकायचं, पुढे डोंगराच्या पायथ्याला ओळखीच्या घरापाशी गाडी लावायची आणि वर चढायचं. वर एक माळ आहे. पावसाळा संपला की त्यावर कमरेएवढं गवत उभं असतं, वाळून पिवळं झालेलं. माळाच्या पलीकडच्या अंगाला कारवीची दाट झुडपं आणि त्यामागे जंगल. मी अलीकडे एका खडकाला पाठ लावून बसते. वास जाऊ नये म्हणून केसांना तेल नाही, तोंडाला पावडर नाही, कपडे नुसत्या पाण्यातून काढलेले. अम्मी म्हणते, ही पोरगी भेकरांसाठी जेवढं करते तेवढं नवऱ्यासाठी केलं असतं तर संसार टिकला असता. म्हणू दे. नवरा काही भेकराइतका देखणा नव्हता.

मिळालेला सगळ्यात चांगला फोटो मी एकदा दुकानात लावला होता. मादी मागच्या पायानं कान खाजवतेय, तिच्यापुढे गवताच्या चार काड्या आडव्या आल्यात, अर्धं तोंड झाकलंय. मला तो जिवापाड आवडतो. गिऱ्हाइकं विचारायची, “हे काय, कुत्रं का?” भावानंही नाक मुरडलं होतं. म्हणाला, “आपा, हिच्या तोंडापुढच्या तेवढ्या काड्या काढल्या असत्यास तर?” मी म्हटलं, “तिला स्टेजवर बोलवायचं राहिलं बघ.”

गेल्या हिवाळ्यात त्याच्या डोक्यात किडा शिरला. पौष महिना, लग्नं नव्हती, हात रिकामे होते.

“आपा, पुण्याची लोकं हरणांच्या फोटोसाठी पार मध्य प्रदेशात जात्यात. तुझ्याकडं तासाभरावर हायेत.”

“माझ्याकडं न्हाईत. ती त्यांच्या घरी हायेत.”

“एक वर्कशॉप करू. रविवारी सकाळी न्यायचं, दुपारी परत. तू शिकव. तुझ्याएवढं कुणाला म्हाईत हाय?”

मी नाही म्हटलं. मग त्यानं अम्मीला पुढे केलं. अम्मी दोन दिवस माझ्याशी ताटाला ताट लावून जेवली नाही. शेवटी मी म्हटलं, ठीक आहे, पण लांबून. माझ्या खडकापाशी बसायचं, दिसेल ते बघायचं, मिळेल तो फोटो काढायचा आणि उठायचं. माळावर पाय टाकायचा नाही. तो म्हणाला, तू म्हणशील तसं. असं तो लग्नवाल्यांनाही म्हणतो.

रविवारी दोन गाड्या आल्या, पाच-सहा माणसं; आम्ही दोघं भावाच्या जीपमध्ये. मी आधीच निरोप धाडला होता: सेंट मारू नका, भडक कपडे नकोत, वर बोलायचं नाही. गाडीचं दार उघडलं आणि सेंटचा असा भपकारा आला की मला शिंकच आली. एक गृहस्थ होते, हिंजवडीच्या कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावरचे. त्यांच्याकडे हातभर लांब लेन्स होती आणि ती त्यांनी रुखवतासारखी सगळ्यांना मांडून दाखवली. आणि एक बाई होत्या, महाळुंग्याच्या नव्या सोसायटीतल्या, चाळिशीच्या असतील. सोसायटीतल्या मांजरांना आपण रोज खायला घालतो, हे त्यांनी चढ लागायच्या आत मला सांगून टाकलं. स्वभावानं चांगल्या. चढताना “ताई, तुमची बॅग घेऊ का?” असं त्यांनी मला दोनदा विचारलं. बाकीचे नुसते धापा टाकत होते.

वर पोचलो. मी सगळ्यांना खडकापाशी ओळीनं बसवलं, तोंडावर बोट ठेवलं. बऱ्याच वेळानं कारवीतून मादी बाहेर आली. मी तिला ओळखते, तिच्या डाव्या कानाला चीर आहे. तिनं मान उंचावून वारा हुंगला, आमच्या दिशेनं पाहिलं, एक पाय उचलून तसाच धरला. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, चरायला लागली. माझ्या मागून कॅमेऱ्यांची टकटक सुरू झाली. तेवढा वेळ मलाही वाटलं की भाऊ बरोबर बोलत होता, चार लोकांनी हे बघितलं तर काय बिघडलं. महाळुंग्याच्या बाईंनी तर डोळेच पुसले.

लेन्सवाले गृहस्थ कुजबुजले, “फार लांब आहे हो. आणि गवत मध्ये येतंय.”

“डोंगरावर गवतच असतं,” मी म्हटलं.

मादी पुन्हा कारवीत शिरली. खाली ओढ्यावर कधीकधी नर पाण्याला येतो. तो आहे का बघून येते, मग सगळ्यांना वरूनच दाखवते, असं सांगून मी उतरले. जाताना भावाला बजावलं, कुणाला हलू देऊ नको. त्यानं मान डोलावली.

ओढ्यापर्यंत पोचलेसुद्धा नसेन, तेवढ्यात वरून भेकर ओरडलं. ज्याला माहीत नाही त्याला वाटतं कुत्रं भुंकतंय. एकच मोठी, खरखरीत भुंक, मग शांतता, मग पुन्हा भुंक. धोका दिसला की भेकर असं ओरडतं. दोन-चारदा ओरडून पळून जातं. हे पळून जाईना. एका जागेवरून ओरडत राहिलं. मी होते तशी वर पळत सुटले.

खडकापाशी कुणी नव्हतं. सगळे माळाच्या मध्यात, गोल करून गुडघ्यांवर बसलेले. लेन्सवाले गृहस्थ लघवीला आडोसा शोधत गवतात शिरले होते आणि तिथे त्यांना पायाशी पाडस दिसलं होतं. मांजराएवढं. पाठीवर पांढरे ठिपके, पाय पोटाशी दुमडलेले, हनुवटी जमिनीला टेकलेली, कान मागे घट्ट चिकटवलेले. भेकराची मादी पिलाला असंच गवतात निजवते आणि चरायला जाते. आई येईस्तोवर ते हलत नाही. तुम्ही त्याच्या अंगावर वाकलात तरी हलत नाही. तेवढंच त्याला येतं, आणि एरवी तेवढं पुरतं. बिबट्या शेजारून निघून जातो पण त्याला ते दिसत नाही. लोकांना मात्र वाटतं, पळत नाही म्हणजे माणसाळलंय.

आणि माझा भाऊ त्याच्यापुढे उकिडवा बसून गवत उपटत होता. मूठमूठ धरून, मुळापाशी मुरडून, मागे फेकत होता. पाडसाच्या पुढची आणि दोन्ही बाजूंची जमीन त्यानं अंगणासारखी स्वच्छ केली होती. कुणाला एक काडी मध्ये यायला नको.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“काय करतुयास तू?”

“फ्रेम साफ करतुया. हळू बोल की, घाबरंल ते.”

“घाबरंल? मेलं न्हाई हेच नशीब! आईनं लपवलंय त्याला हितं. ते गवत म्हंजी त्याचं घर हाय. घराचं छप्पर उचकटलंस तू त्याच्या!”

“आपा, दोनच मिनिटं. लोक लांबून आल्यात.”

पलीकडे कारवीत मादी भुंकत होती. इतक्या जवळून की प्रत्येक हाकेला पाडसाच्या पाठीची कातडी थरथरायची. बाकी ते दगड झालेलं.

मी सगळ्यांना हात जोडले. म्हटलं, फोटो झाले ना, आता उठा. ती आई आहे त्याची, आपण इथून हललो की ती येईल. त्यावर लेन्सवाल्या गृहस्थांनी डोळा कॅमेऱ्यावरून काढलासुद्धा नाही. म्हणाले, “तेच तर म्हणतोय. आई आणि बाळ एका फ्रेममध्ये मिळाले की निघू. असा चान्स परत नाही.”

“तुम्ही बसलात तर ती येणार नाही.”

“येईल हो. शेवटी आई आहे.”

“आई आहे म्हणूनच ओरडतेय, भल्या माणसा! चला म्हणतेय तुम्हाला, चालते व्हा म्हणतेय!”

कुणी उठलं नाही. त्या बाई तेवढ्या चुळबुळल्या. भाऊ दबक्या आवाजात “आपा, इज्जत काढू नको माझी” म्हणत माझी ओढणी धरून ओढायला लागला. मग मी लग्नातल्या आत्यासारखी जाऊन बरोब्बर मध्ये उभी राहिले. पाडसाकडे पाठ, लेन्सांकडे तोंड. त्यांनी उजवीकडे सरकून बघितलं, मी उजवीकडे सरकले. डावीकडे वाकले, मी ओढणी पसरून धरली. म्हटलं, काढा माझाच फोटो, कधी कुणी काढला नाही.

“धिस इज सो अनप्रोफेशनल,” गृहस्थ म्हणाले.

“व्हय, हाय! पैसे ह्याच्याकडून मागून घ्या आणि उठा.”

उठले एकदाचे. शिव्या मनातल्या मनात देत असतील, देऊ देत. उपटलेल्या गवतातलं जमेल तेवढं मी पाडसाभोवती उभं करायला गेले, पण तुटलेलं गवत कुठे उभं राहतं? पडायला लागलं. मादी ओरडतच होती. म्हणून मी ते सोडलं आणि निघाले. उतरायची पायवाट माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हती, तेव्हा मी सगळ्यांत पुढे. भाऊ सगळ्यांत मागे, कुणी रेंगाळू नये म्हणून. मी मागे वळूनही बघितलं नाही. बघितलं असतं तर तोंडातून काय निघालं असतं सांगता येत नाही.

अर्ध्या वाटेवर थांबून कान दिला. भुंकणं चालूच होतं. म्हटलं, अजून आमचा वास जात नसेल, जाईल हळूहळू.

खाली हमरस्त्याला एका मावशींची चहाची टपरी आहे. तिथे गाड्या थांबल्या. जो तो आपापल्या कॅमेऱ्यात बघतोय. महाळुंग्याच्या बाई गाडीतून उतरल्याच नाहीत. काचा वर, एसी चालू. मला वाटलं, माझं बोलणं त्यांना लागलं असेल. त्या बिचारीनं काय केलं होतं? मी चहाचा कप घेऊन गेले आणि काचेवर टकटक केली. त्यांनी काच जराशी खाली घेतली.

“श्श,” त्या म्हणाल्या. “आत्ताच झोपलंय.”

त्यांच्या मांडीवर गुलाबी जाकीट होतं आणि जाकिटातून एक खूर बाहेर आला होता. माझ्या बोटाच्या पेराएवढा.

मी कप गाडीच्या टपावर ठेवला. “हे का उचललंत?” मी म्हणाले.

“अहो, असं एकटं कसं ठेवायचं? एवढंसं पिल्लू, उघड्यावर! तुम्हीच बघितलंत ना, त्याला साधा आडोसा नव्हता. कुत्र्यांनी फाडलं असतं हो. मी मांजरांची कितीतरी पिल्लं वाढवलीत, काळजी करू नका. दूधसुद्धा प्यायलं ते. मांजरांसाठी घेतलेलं पाकीट गाडीत होतं, बाटलीच्या झाकणानं पाजलं. थोडं नाकातून आलं, पण प्यायलं.”

आडोसा होता. कमरेएवढा आडोसा होता, आणि तो ज्यानं काढला तो टपरीच्या बाकड्यावर बसून चहा पीत होता. मी त्याच्याकडे बघितलं. तो रस्त्याकडे बघायला लागला.

“तुला म्हाईत होतं,” मी म्हटलं.

“आपा, मॅडम ऐकंचनात. मग म्हटलं, खाली येऊन फॉरेस्टवाल्यास्नी फोन करू. मॅडमला वाईट वाटलं असतं.”

“आणि त्या वरच्या मॅडमला?”

टपरीवाल्या मावशी हात पुसत आल्या, गाडीत डोकावल्या आणि “अगं आई गं! कुणाचं लेकरू उचललं ह्ये?” म्हणाल्या. तेव्हा कुठे त्या बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी जाकिटासकट पाडस माझ्या हातात दिलं. “वाचेल ना ते?” त्यांनी विचारलं. भावाच्या जीपमध्ये बसले आणि ओरडले, “चल वर!”

ते झोपलेलं नव्हतं. तोंड उघडं होतं आणि प्रत्येक श्वासाला आत घुरघुर होत होती. दूध पोटात गेलं नव्हतं, छातीत गेलं होतं. मी त्याचं डोकं खाली धरलं, ओढणीच्या टोकानं नाक पुसलं, बोटानं तोंड साफ केलं. दूध येत राहिलं. त्याच्या छातीवर माझा तळवा होता आणि त्याखाली त्याचं काळीज इतकं जोरात धावत होतं की एवढ्याशा अंगात ते मावतंय कसं, असं वाटत होतं. “जोरात चालव,” मी भावाला म्हणत होते. तो जोरात चालवत होता. खड्ड्यातून गाडी आपटली की मला म्हणायचा, “सॉरी, आपा.” मला त्याच्या सॉरीचा इतका राग आला की मी त्याला गप बस म्हणाले.

गाडी लावून आम्ही पायवाटेला लागलो. निम्म्या चढावर माझ्या तळव्याखालचं धावणं थांबलं.

भाऊ मागून येत होता. “झोपलं का?” त्यानं विचारलं.

“मेलं.”

माझ्या तोंडून आपसूक मयताची दुआ गेली. जनावरासाठी म्हणतात की नाही, मला माहीत नाही. मी म्हटली.

वर ती अजून भुंकत होती. आवाज बसला होता, पण थांबली नव्हती. मी पाडसाला त्याच जागेवर ठेवलं, त्या झाडून काढल्यासारख्या जमिनीवर. पाय पोटाशी दुमडले, मान होती तशी टेकवली. जाकीट घेऊन खडकामागे आले. परत घेऊन कुठे जाणार होते? निदान तिला कळू दे, एवढंच डोक्यात होतं.

बराच वेळ काही नाही. मग ती आली. इतक्या उन्हात, इतक्या उघड्यावर ती कधी येत नाही. सरळ चालत आली. त्याला हुंगलं, तोंड चाटलं, पाठ चाटली. मग चार पावलं चालून गेली आणि मागे वळून बघितलं, येतंय का म्हणून. आई अशी चालायला लागली की पाडस उठून मागे जातं. नाही गेलं. ती परत आली, नाकानं त्याला ढोसलं. पुन्हा चार पावलं, पुन्हा मागे बघणं. माझ्या गळ्यात कॅमेरा होता आणि मला रडू आवरेना. बाजूला भाऊही हुंदके देत होता. हे पण सांगितलं पाहिजे, तो रडला. मग त्याचा मोबाइल थरथरला. त्यानं माझ्याकडे पाठ करून काहीतरी लिहिलं आणि खिशात टाकला. माझं लक्ष समोर होतं. आम्ही उठलो तेव्हाही ती चार पावलं जाऊन मागे बघत होती.

त्यानंतर मी त्याच्याशी कामापुरतं बोलत होते. त्याला वाटलं असेल, जाईल राग.

काही आठवड्यांनी, दुपारच्या वेळी, महाळुंग्याच्या त्या बाई दुकानात आल्या. हातात केकचा डबा. मला बघून इतक्या मनापासून हसल्या की मी गोंधळले. “ताई, तुमच्यावर मी रागावले नाही हं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही ओरडलात ते बरोबरच होतं. माझा फोटो तयार आहे ना?”

भावानं काउंटरखालून कागदात गुंडाळलेला फोटो काढला. केवढा मोठा! माझ्या पाठीमागे छापून आणला होता त्यानं. बाईंनी कागद सोडला. तेच पाडस, झाडलेल्या जमिनीवर, ठिपका न् ठिपका दिसतोय.

“हॉलमध्ये लावणार आहे,” त्या म्हणाल्या. “कसलंही टेन्शन आलं ना, की मी विचार करते, आत्ता ते आईबरोबर बागडत असेल. आपल्यामुळे तिला तिचं बाळ मिळालं. केवढं समाधान आहे हो यात.”

मी भावाकडे बघितलं. तो केकच्या डब्याची दोरी सोडण्यात गुंग झाला होता.

“कोण म्हणालं तुम्हाला?” मी विचारलं.

“म्हणजे? यांनीच तर त्याच दिवशी ग्रुपवर टाकलं होतं. आई आली म्हणून. आम्ही सगळे रडलो हो तेव्हा. पुढच्या रविवारी परत नेणार आहेत ना वर, माझ्या दोन मैत्रिणी येतायत.”

“ते कुठं बागडत नाही,” मी म्हणाले. “मेलं ते. तुमच्या गाडीतून काढलं त्यानंतर लगेच. वर पोचायच्या आत.”

बाई भावाकडे वळल्या. “पण तुम्ही लिहिलं होतंत...”

“आली होती की आई,” तो म्हणाला. त्यांच्याशी नाही, माझ्याशी बोलला. “खोटं काय लिवलं मी? आपा, तूच सांग, तू होतीस. आली होती का न्हाई?”

आली होती. एक अक्षर खोटं नव्हतं. तिथे, तिच्यासमोर, हुंदके देता देता त्यानं ते लिहिलं होतं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं मी पाहिली आहेत, पण माझ्याच ताटात जेवणारं माणूस त्यातलं निघेल असं वाटलं नव्हतं.

“आली होती,” मी म्हणाले. “चाटत होती त्याला. उठ म्हणत होती. ते का न्हाई लिवलंस?”

पासपोर्टच्या फोटोसाठी ठेवलेल्या स्टुलावर बाई बसल्या. मग मान वर करून त्यांनी मलाच विचारलं, “मी दूध पाजलं म्हणून का हो?”

त्यांच्या पाठीमागे भाऊ मला हात जोडत होता. नको म्हणू, नको म्हणू. मलाही दिसत होतं की या बाईच्या मनात पाप नव्हतं. वाईट वाटत होतं मला त्यांच्याबद्दल. पण पुढच्या रविवारी त्यांच्या दोन मैत्रिणी येणार होत्या.

“हो,” मी म्हणाले. “दुधानंच गेलं. आणि तुम्हाला ते उघडं दिसलं, कारण त्याच्यावरचं गवत यानं काढलं होतं.”

त्या रडल्या. मी पाणी दिलं, त्यांनी ते घेतलं नाही. केक आणि फोटो तिथेच टाकून त्या निघून गेल्या.

“मिळालं समाधान?” भाऊ खेकसला. “चांगल्या बाईला रडवलीस. आता फोन येत्याल बघ एकेक, रविवार कॅन्सल म्हणून. काय फरक पडला? मेलेलं उठून बसलं का?”

त्यानं तो फोटो उचलला, दर्शनी काचेतली एक नवरी बाजूला सरकवली आणि तिच्या जागी तो लावला. म्हणाला, एवढा मोठा काढलाय, आता वाया कशाला घालवायचा, लोकांना तरी बघू दे.

“त्याचे कान बघ,” मी म्हणाले. “नवरीच्या कपाळावरचा एक केस हिकडचा तिकडं झाला तर तुला दिसतो. मग ह्याचे कान बघ कसे चिकटल्यात. ते पोझ देत न्हाई. भ्यालंय ते तुला.”

तो ऐकत नव्हता. फडक्यानं काच पुसत होता. बाहेर रस्त्यावरून एक ओळखीची बाई भाजीची पिशवी घेऊन चालली होती. ती थांबली, काचेजवळ आली आणि तिचा चेहरा खुलला. “अगं बाई, किती गोड!” ती म्हणाली. भाऊ आतून तिच्याकडे बघून हसला.

मी तशीच अनवाणी बाहेर गेले आणि तिला सगळं सांगितलं.